पाम जुमेराह आणि दुबईची बाकीची बेटं: आधी वरून बघा, मग खाली उतरा

दुबईच्या समुद्रात भराव घालून ताडाच्या झाडाच्या आकारात केलेलं बेट म्हणजे पाम जुमेराह. तिथे जाऊन आलेल्या बऱ्याच जणांची एक तक्रार असते: ताडाचं झाड काही दिसलंच नाही! तक्रार खरी आहे. जमिनीवरून पाम म्हणजे एक रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मधून मधून डोकावणारं निळं पाणी. तो प्रसिद्ध आकार फक्त उंचावरून दिसतो. म्हणून या लेखातला क्रम एका सूत्रावर बेतला आहे: आधी वर जायचं, बेट नीट समजून घ्यायचं, मगच त्यावर फिरायचं. असं केलं की प्रत्येक जागा ओळखीची वाटते आणि वेळही वाया जात नाही.

कुठलं बेट कुणासाठी

दुबईच्या किनाऱ्यावर माणसाने भराव घालून केलेली बेटं बरीच आहेत, आणि ती एकसारखी नाहीत. पाम जुमेराह सगळ्यांसाठी आहे. रस्ता आहे, मोनोरेल आहे, दिवसभर पुरेल इतकं पाहण्यासारखं आहे. ब्लूवॉटर्स हे छोटं बेट संध्याकाळी चालत फिरायला छान. बुर्ज अल अरब हॉटेल ज्या चिमुकल्या बेटावर उभं आहे, ते किनाऱ्यापासून फक्त २८० मीटरवर आहे आणि शेजारच्या सार्वजनिक किनाऱ्यावरून फुकटात मनसोक्त बघता येतं. ‘द वर्ल्ड’ या द्वीपसमूहावर बोटीशिवाय जाता येत नाही आणि तिथे खिसा बराच सैल करावा लागतो. देरा भागासमोरची ‘दुबई आयलंड्स’ अजून घडत आहेत. पाम जबेल अलीचं काम २००२ साली सुरू झालं, मग बरीच वर्षं रखडलं आणि २०२३ मध्ये नव्याने जाहीर झालं. पर्यटकाने तिकडे जावं असं सध्या तिथे काही नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्याने पाम आणि ब्लूवॉटर्स मिळून एक पूर्ण दिवस ठेवावा. लहान मुलं असतील आणि वॉटर पार्क करायचा असेल, तर त्यासाठी वेगळा दिवस हवाच.

कधी जायचं

नोव्हेंबर ते मार्च. मे ते सप्टेंबर या काळात पारा चाळिशी ओलांडतो, हवेत दमटपणा असतो आणि उंचावरून पाहिलं तरी सगळं धुरकट दिसतं. शाळांच्या सुट्टीमुळे मराठी कुटुंबं बहुतेक मे महिन्यात निघतात. तेव्हाच जाणं भाग असेल तर सकाळी दहाच्या आत आणि सूर्य कलल्यावर बाहेरची ठिकाणं करा, मधला वेळ मॉल, मत्स्यालय आणि हॉटेलच्या खोलीत काढा. हिवाळ्यात कधी कधी पहाटे दाट धुकं असतं, पण ऊन वर आलं की ते विरतं.

रमजान चांद्र पंचांगानुसार सरकत राहतो आणि सध्या तो ऐन हंगामात, फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो. त्या महिन्यात दिवसा रस्त्यावर, किनाऱ्यावर, चारचौघांत खाणं-पिणं टाळावं. उपाहारगृहांत बसून जेवता येतं. तारखा ठरवण्याआधी एवढं कॅलेंडर बघून घ्या. दुबईत २०२२ पासून साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी असते. त्यामुळे पामवर निवांत फिरायचं असेल तर मंगळवार-बुधवार उत्तम.

व्हिसा आणि कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना बहुधा आधी व्हिसा काढावा लागतो. विमान कंपनी, हॉटेल किंवा ट्रॅव्हल एजंटमार्फत ३० किंवा ६० दिवसांचा पर्यटक व्हिसा मिळतो. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, ब्रिटन वा युरोपीय संघाचा निवासी परवाना असलेल्यांना उतरल्यावर व्हिसा मिळण्याची सोय आहे. त्याच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर खात्री करा. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट हाताशी हवं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या बाबतीत हमखास निघते. काहींच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते आणि फक्त एकच नाव छापलेलं असतं. अशा पासपोर्टवर अमिरातीचा पर्यटक व्हिसा मिळायला अडचण येते. आई-वडिलांना, आजी-आजोबांना नेणार असाल तर सगळ्यांत आधी त्यांच्या पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान उघडून बघा. दुरुस्तीला वेळ लागतो.

राहायचं कुठे

पामवरची हॉटेलं देखणी आहेत, पण तिथून शहरात कुठेही जायचं म्हटलं की टॅक्सी आली. माझं स्पष्ट मत: चार-पाच दिवसांच्या सहलीत पामवर राहायचंच असेल तर एकच रात्र राहा, बाकीच्या रात्री बर दुबई, करामा किंवा मरीना भागात काढा. बर दुबई-करामात खोल्या स्वस्त, मेट्रो जवळ आणि आपलं जेवण हाकेच्या अंतरावर. मरीनात खर्च थोडा जास्त, पण पाम आणि ब्लूवॉटर्स दोन्ही शेजारी.

एक हिशेब मात्र जरूर करा. ‘अटलांटिस, द पाम’मध्ये उतरलेल्यांना अ‍ॅक्वाव्हेंचर वॉटर पार्कचा प्रवेश खोलीच्या भाड्यातच मिळतो. चौघांचं कुटुंब पार्कची तिकिटं वेगळी काढणारच असेल, तर ती रक्कम खोलीच्या भाड्यातून वजा करून बघा. हंगाम नसताना एका रात्रीचा मुक्काम वाटतो तितका महाग पडत नाही. हॉटेलच्या बिलात दर खोलीमागे, दर रात्री पर्यटन कर म्हणून काही दिरहम वेगळे लागतात. ते बहुतेक वेळा हॉटेलातच भरावे लागतात.

पामपर्यंत पोचायचं कसं

विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रोची रेड लाइन थेट लागते, टर्मिनल २ ला लागत नाही. तुमचं विमान कुठे उतरतं ते तिकिटावर आधीच बघा. मेट्रो, ट्राम, बस सगळीकडे चालणारं ‘नोल’ कार्ड स्टेशनवरच मिळतं. सिल्व्हर कार्ड घ्या, ते पुढच्या सहलीतही चालतं. रविवारी मेट्रो उशिरा, सकाळी आठला सुरू होते. त्या दिवशी पहाटेचे बेत आखू नका. डब्यात खाणं, पिणं, च्युइंगगम चघळणं या सगळ्याला दंड आहे, आणि मुलांच्या हातातली बिस्किटंही त्यात आली. महिला आणि मुलांचा डबा वेगळा असतो. फलाटावर गुलाबी खुणा असतात, पुरुषांनी त्या नीट बघून मगच चढावं.

मेट्रोने सोभा रिअल्टी स्टेशनला उतरा, पादचारी पुलावरून ट्रामच्या दुबई मरीना स्टेशनवर या आणि ट्रामने ‘पाम जुमेराह’ स्टेशन गाठा. ट्रामच्या फलाटावर मेट्रोसारखं अडवणारं फाटक नसतं, त्यामुळे कार्ड टेकवायचं राहून जातं आणि मग दंड बसतो. चढताना आणि उतरल्यावर, दोन्ही वेळा खांबावरच्या यंत्राला कार्ड लावायचंच. तिथून थोडं चाललं की मोनोरेलचं ‘गेटवे’ स्टेशन येतं.

चार माणसं असाल, सोबत ज्येष्ठ असतील, तर एवढी चढ-उतार करू नका. दुबई इंटरनेट सिटी स्टेशनपर्यंत मेट्रो आणि पुढे टॅक्सी हा मार्ग सोपा आणि डोईजड न होणारा. टॅक्सी मीटरवरच चालते. शहराच्या आरपार टॅक्सी केलीत तर वाटेत ‘सालिक’ नावाचा टोल लागतो आणि तो मीटरच्या रकमेत जोडला जातो. चालकाने आकडा वाढवला असा गैरसमज नको. फक्त महिला असतील तर गुलाबी टपाची, महिला चालक असलेली टॅक्सी मागवता येते.

पहिला थांबा: पाम टॉवरचा ५२ वा मजला

ताडाच्या खोडाच्या मध्यावर नखील मॉल आहे आणि त्याच्या माथ्यावर पाम टॉवर. ‘द व्ह्यू अ‍ॅट द पाम’ ही निरीक्षण गच्ची इथेच ५२ व्या मजल्यावर, २४० मीटर उंचीवर आहे. ती २०२१ मध्ये खुली झाली. प्रवेश मॉलमधून. तिकीट ऑनलाइन काढा. साधारण १०० दिरहमपासून सुरुवात होते आणि सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट महाग असतं.

सगळे सूर्यास्ताच्या मागे असतात, पण माझं ऐकाल तर सकाळची वेळ घ्या. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, त्यामुळे समोरच्या सगळ्या फांद्या, त्यांच्यामधलं पाणी, प्रत्येक घरापुढची वाळूची पट्टी स्वच्छ दिसते. संध्याकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला गेलेला असतो आणि बेट काळपट होत जातं. आकाश सुंदर दिसतं, झाड दिसत नाही.

वर गेलात की घाईने फोटो काढून परत फिरू नका. समुद्राकडे तोंड करून उभे राहा. पायाखालून निघालेलं खोड सरळ पुढे जातं. त्याच्या दोन्ही बाजूंना १७ फांद्या पसरलेल्या आहेत. फांद्यांवर श्रीमंतांचे बंगले आहेत आणि प्रत्येक फांदीच्या तोंडाशी पहारा असतो, त्यामुळे तिथे पर्यटकाला जाता येत नाही. हे दृश्य इथूनच बघून घ्यायचं. अगदी टोकाला, क्षितिजालगत, सगळ्याला कवेत घेणारी ११ किलोमीटरची चंद्रकोर दिसते. तो खरा बांध. त्याच्या मध्यावर कमानीचं दार असलेलं गुलाबी अटलांटिस.

गच्चीआधी बेटाच्या जन्माची माहिती देणारं दालन लागतं. बहुतेक लोक ते धावत पार करतात. तिथे थांबा, कारण खरी करामत इमारतींपेक्षा त्यांच्या खालच्या जमिनीची आहे.

वाळवंटाच्या देशात बेटासाठी वाळू कमी पडावी हे ऐकून नवल वाटतं. पण वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून गोल आणि गुळगुळीत झालेली असते. तिचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, पाण्यात टाकली की पसरतात. म्हणून आखाताच्या तळाची भरड वाळू उपसून आणली गेली, सुमारे ९.४ कोटी घनमीटर. काम २००१ मध्ये सुरू झालं आणि सर्वांत आधी उभी राहिली ती बाहेरची चंद्रकोर. लाटा अडल्याशिवाय आतली वाळू टिकणं शक्यच नव्हतं. या बांधासाठी सुमारे ७० लाख टन खडक लागला. मग डच कंपनी व्हॅन ओर्डच्या उपसा जहाजांनी पाणी आणि वाळूचं मिश्रण मोठ्या कमानीसारखं हवेत उडवून हव्या त्या जागी पाडलं. कुठे किती पडली ते उपग्रहाच्या साहाय्याने मोजलं जात होतं, कारण जहाजावरच्या माणसाला पाण्यात झाडाचा आकार दिसणार कसा?

वाळू पाण्यावर आली म्हणजे जमीन तयार झाली असं नव्हे. सैल भरावावर इमारत उभी केली तर ती खचेल, भूकंपाच्या धक्क्याने तर भराव चिखलासारखा वाहू लागेल. म्हणून लांब कंपन-नळ्या खोल घुसवून सगळी वाळू थरथरवून दाबली गेली. दुसरा प्रश्न पाण्याचा. बांध अखंड ठेवला असता तर आतलं पाणी तुंबून सडलं असतं. म्हणून चंद्रकोरीत दोन ठिकाणी खिंडी ठेवल्या आहेत. भरती-ओहोटीबरोबर समुद्र तिथून आत-बाहेर करतो. गच्चीवरून या दोन खिंडी शोधा. मुलं बरोबर असतील तर हा खेळच लावा, त्यांना बेट कायमचं कळेल.

या उपशाची किंमत समुद्राच्या तळानेही मोजली. गाळ पसरला, प्रवाळ आणि समुद्री गवत गाडलं गेलं. बांधाच्या खडकांवर पुढे मासे आणि इतर जीव वस्तीला आले, हेही खरं. एवढी मोठी गोष्ट बघताना दोन्ही बाजू माहीत असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

खाली उतरल्यावर

मॉलमधूनच मोनोरेल मिळते. २००९ पासून धावणारी, साडेपाच किलोमीटरांच्या आसपासची ही चालकविरहित गाडी खोडावरून थेट चंद्रकोरीवर नेते. पुढच्या किंवा मागच्या काचेजवळ जागा मिळवा. वरून पाहिलेल्या फांद्या आता दोन्ही अंगांनी सरकत जातात, आणि शेवटी पाण्यावरून चंद्रकोरीकडे जातानाचा टप्पा या प्रवासातला सगळ्यांत सुंदर. परतीचं तिकीट एकदमच काढा.

जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत ‘द पॉइंट’ आणि तिथल्या कारंज्यांचं वर्णन सापडेल. ते २०२३ मध्ये बंद झालं आहे. त्यासाठी संध्याकाळ राखून ठेवू नका.

अटलांटिस २००८ मध्ये उघडलं. त्याच्या बाहेरच्या भागात फिरायला पैसे पडत नाहीत. आत ‘लॉस्ट चेंबर्स’ मत्स्यालय आहे. मुख्य टाकीत १.१ कोटी लिटर पाणी आहे आणि एकूण सुमारे ६५ हजार जलचर. उन्हाच्या भर दुपारी हे उत्तम. अ‍ॅक्वाव्हेंचरमध्ये शंभराहून अधिक घसरगुंड्या आहेत. मोठ्या घसरगुंड्यांना बहुधा १.२ मीटर उंचीची अट असते. मुलांची उंची घरीच मोजून घ्या, म्हणजे तिकीट काढून मूल रांगेतून परत फिरायची वेळ येणार नाही. आत जाताना योग्य पोहण्याचे कपडे लागतात. साडी, सुती कुर्ता किंवा जीन्स चालत नाही.

अटलांटिसच्या मागच्या बाजूला, चंद्रकोरीच्या बाहेरच्या कडेने फरसबंद वाट आहे. खर्च शून्य. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जसं पाठीशी शहर आणि समोर नुसता समुद्र असतो, तसंच इथे वाटतं. खाली खडकांवर आपटणाऱ्या लाटा ऐकल्या की हा बांध कशासाठी आहे ते कानाने कळतं. सावली मात्र अजिबात नाही. टोपी आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय जाऊ नका.

मग टॅक्सीने खोडाच्या पश्चिम कडेला, पाम वेस्ट बीचवर या. लांबलचक किनारा सगळ्यांना खुला आहे. खुर्च्या आणि छत्र्या मागच्या हॉटेलांच्या असतात आणि त्यांना पैसे पडतात. आपली चटई अंथरून वाळूत बसायला कुणाची हरकत नसते. समोर मरीनाच्या इमारती आणि ब्लूवॉटर्सचं प्रचंड चक्र दिसतं. सूर्यास्तासाठी ही जागा गच्चीपेक्षा मला जास्त आवडते. पाण्यात उतरण्याआधी झेंडा बघा. लाल असेल तर उतरू नका. ‘शमाल’ नावाचा वायव्येचा वारा सुटला की शांत दिसणारा समुद्रही ओढून नेतो.

अंधार पडल्यावर ब्लूवॉटर्स

मरीनाजवळच्या जेबीआर किनाऱ्यावरून पादचारी पुलाने ब्लूवॉटर्सवर चालत जाता येतं. इथलं ‘ऐन दुबई’ हे २५० मीटर उंचीचं जगातलं सर्वांत उंच आकाशचक्र. २०२१ मध्ये सुरू झालं, काही महिन्यांत बंद पडलं आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा फिरू लागलं. एका फेरीला सुमारे ३८ मिनिटं लागतात. पाम टॉवरची गच्ची केली असेल तर चक्रात बसणं गरजेचं नाही. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर गच्ची निवडा. नुसतं पुलावरून चालत जाऊन खाली बसलं तरी संध्याकाळ सार्थकी लागते.

समुद्रावरून बघायचं असेल तर

मरीनातून पिवळ्या, हवा भरलेल्या वेगवान बोटी अटलांटिसपर्यंत फेरी मारतात. गर्भवती महिला आणि पाठीचं दुखणं असलेल्यांनी त्या टाळाव्यात, बोट लाटांवर चांगलीच आपटते. त्यांच्यासाठी सरकारी फेरी बोट योग्य. फोन हातात धरू नका, गळ्यात अडकवा.

‘द वर्ल्ड’चं काय

जगाच्या नकाशासारखी मांडलेली सुमारे ३०० बेटं, किनाऱ्यापासून चारेक किलोमीटरवर. २००३ मध्ये घोषणा झाली, २००८ च्या सुरुवातीला भराव पूर्ण झाला आणि त्याच वर्षी जागतिक मंदीने कंबरडं मोडलं. बरीच बेटं आजही मोकळी वाळू आहेत. पूल नाही. ‘दक्षिण अमेरिका’ भागात अनंतारा हॉटेल आहे, ‘हार्ट ऑफ युरोप’ भागात काही हॉटेलं आणि कृत्रिम पाऊस पाडणारा रस्ता आहे. तिथे जायचं तर आरक्षण आणि बोटीची वेळ आधी ठरवावी लागते, आणि वारा वाढला तर बोट रद्द होऊ शकते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तिथे मुक्काम करू नका. नवविवाहितांना एकांत हवा असेल तर पैसे वसूल होतील, कुटुंबासोबत पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हात आखडता घ्यावा. आकार बघायची हौस मात्र फुकट भागते. विमान किनाऱ्याच्या बाजूने वळलं आणि हवा स्वच्छ असली की खिडकीतून हे ठिपके दिसतात.

जेवणाचं

पामवर शाकाहारी जेवण मिळतं, पण महाग. मॉलच्या तळमजल्यावरच्या सुपरमार्केटमधून फळं, दही, ब्रेड घेतलं तर दुपार निभते. संध्याकाळी परतताना बर दुबई-करामात उतरलात तर थाळी, डोसा, वडापाव सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली असेल तर ‘अल आदिल’च्या दुकानांतून सामान घ्या. दातार कुटुंबाने १९८४ मध्ये बर दुबईत सुरू केलेलं हे दुकान. भाजणीपासून पापडापर्यंत सगळं तिथे सापडतं, त्यामुळे बॅगेत डबे कोंबून नेण्याची गरज नाही.

बॅग भरताना आणि तिथे वावरताना

डब्यांचा विषय निघालाच आहे, तर हा मुद्दा नीट वाचा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेली वस्तू आहे. आपल्या घरात ती कुठे कुठे असते ते आठवा: अनारसे, डिंकाचे लाडू, काही घरांचा काळा किंवा गोडा मसाला. दुबईतल्या लेकीच्या बाळंतपणासाठी लाडू घेऊन निघालेल्या आजींनी तर हे नक्कीच लक्षात ठेवायला हवं. लाडू बिनखसखशीचे वळा, मसाला तिकडेच विकत घ्या.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेची आणि मानसिक आजारांवरची काही औषधं तिथे नियंत्रित आहेत. त्यांच्यासाठी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. रोजच्या गोळ्यासुद्धा मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, सुट्ट्या डबीत ओतून नेऊ नका.

पोहण्याचे कपडे किनाऱ्यावर आणि तलावावर ठीक, मॉलमध्ये किंवा मोनोरेलमध्ये अंग झाकणारे कपडे घाला. अनोळखी लोकांचे, विशेषतः महिला आणि मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. पामच्या बंगल्यांवर कॅमेरा रोखून झूम करणंही टाळा, तिथे लोक राहतात. ड्रोन घरीच ठेवा. उडवायला सरकारी परवाना लागतो, आणि वरून दिसणारा तो आकार पाम टॉवरच्या गच्चीवरून तुम्ही निवांत टिपलेला असेलच.